न परतलेली भाकर

उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी व शनिवारी, पवित्र मिस्सेतील पहिले वाचन होशेयच्या ग्रंथातून घेतलेले असते. शुक्रवारी ग्रंथाचा शेवटचा, म्हणजे चौदावा अध्याय आणि शनिवारी सहाव्या अध्यायाचा आरंभ. दोन्ही वाचनांचा विषय वरवर पाहता एकच आहे: इस्राएलने आपल्या परमेश्वराकडे परत यावे. आठवड्यातल्या साध्या दिवशी सकाळच्या मिस्सेला जी मोजकी माणसे येतात ती ही वाचने ऐकतात आणि आपापल्या कामाला लागतात. कित्येक वर्षे मीही ती तशीच ऐकली. पुढे हा ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत सलग वाचण्याचा योग आला, तेव्हा ध्यानात आले की ही दोन गीते जुळी भावंडे नव्हेत. सहाव्या अध्यायातले गीत देवाने ऐकून घेतले आणि नाकारले. चौदाव्या अध्यायातले गीत संदेष्ट्याने शब्द शब्द पढवून लोकांच्या तोंडी दिले. या दोहोंच्या मध्ये आठ अध्याय आहेत आणि एका राज्याचा अंत आहे. वाचनक्रमात मात्र स्वीकारलेले गीत आधी येते आणि नाकारलेले नंतर. नकाराच्या ओळी शनिवारी वाचल्या जातात हे खरे. पण गीताची गोडी इतकी असते की मागोमाग आलेला नकार कानांवरून निघून जातो. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच.

होशेय तुटक बोलतो, असे संत जेरोम यांनी बारा लघुसंदेष्ट्यांच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवले आहे. ज्याने हा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला त्याचे हे गाऱ्हाणे प्रत्येक भाषांतरकाराला आपलेच वाटेल. जुन्या करारात ज्यांची मूळ हिब्रू संहिता अत्यंत अडचणीची आहे अशा ग्रंथांत होशेयची गणना होते. काही ओळींचा अर्थ आजही निश्चित लागत नाही. एका भाषांतरात जेथे करुणा दिसते तेथे दुसऱ्यात धमकी दिसते. उत्तरेकडील बोली, नकलाकारांच्या हातून झालेल्या चुका, अशी कारणे अभ्यासक देतात. ती खरीच असतील. परंतु या तुटकपणाचा काही भाग बोलणाऱ्याच्या मनःस्थितीतून आलेला आहे, असे मला वाटते. एका श्वासात तो लोकांना टाकून देण्याची भाषा बोलतो आणि दुसऱ्या श्वासात त्यांना कुशीत घेतो. दोहोंना जोडणारे उभयान्वयी अव्यय त्याच्याजवळ नाही.

तो बोलला तो काळ इसवी सनापूर्वीचे आठवे शतक. दुसऱ्या यराबामच्या दीर्घ आणि भरभराटीच्या कारकिर्दीचा शेवट त्याने पाहिला. त्यानंतरच्या सुमारे पंचवीस वर्षांत शोमरोनच्या गादीवर सहा राजे आले. त्यांपैकी चौघांचे खून झाले. अश्शूरची सत्ता पश्चिमेकडे सरकत होती. मनहेम राजाने खंडणी भरण्यासाठी धनिकांकडून माणशी पन्नास शेकेल रुपे वसूल केल्याची नोंद राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. आज अश्शूरची मनधरणी, उद्या मिसरशी संधान, असा त्या राज्याचा कारभार चालला होता. होशेय त्या राज्याला भोळसट पारव्याची उपमा देतो. शेवटच्या राजाचे नाव हिब्रूत अक्षरशः संदेष्ट्याचेच नाव होते. ‘तारण’ या अर्थाचे. त्या राजाच्या हयातीत, इ.स.पू. ७२२-७२१ च्या सुमारास, शोमरोन पडले.

आता मूर्तिपूजेविषयी. हा शब्द उच्चारताच मराठी ख्रिस्ती वाचकाची थोडी कुचंबणा होते, हे मान्य केले पाहिजे. आपल्या भाषेत तो शब्द शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवतो. होशेयच्या ग्रंथात हे बोट शेजाऱ्याकडे कधीच वळत नाही. आमोसने आपल्या ग्रंथाचा प्रारंभच दिमिष्क, गज्जा, सोर अशा परराष्ट्रांवरील आरोपांनी केला. होशेयमध्ये परराष्ट्रांविरुद्धची अशी स्वतंत्र प्रकरणे नाहीत. सोरच्या फेनिकी माणसाने बआलाची पूजा केली म्हणून तो त्याला दोष देत नाही. त्याची सारी तक्रार स्वतःच्या घराविषयी आहे.

आणि त्या घरात नेमके काय चालले होते? बेथेल येथे पहिल्या यराबामने उभे केलेले सोन्याचे वासरू परक्या देवाचे म्हणून उभे केलेले नव्हते. मिसरमधून ज्याने सोडवून आणले त्याच परमेश्वराच्या नावाने ते उभे होते. अदृश्य देवाचे ते आसन असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. शोमरोनच्या डोंगराळ भागात सापडलेली, सुमारे १८ सेंटीमीटर लांबीची काशाची एक बैलाची मूर्ती १९८२ साली प्रसिद्ध झाली. ती होशेयच्याही चार शतके आधीची आहे. हातात मावेल एवढे ते जनावर पाहिले की लोक वासरांचे मुके घेतात हा होशेयचा आरोप (१३:२) अलंकारिक वाटत नाही. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात शोमरोनच्या राजवाड्याच्या परिसरात शाईने लिहिलेली खापरे मिळाली. द्राक्षारस आणि तेल यांच्या आवकीच्या त्या साध्या नोंदी आहेत. त्यांतल्या माणसांच्या नावांत काही परमेश्वराच्या नावावरून ठेवलेली आहेत, तर काही बआलाच्या. सीनायच्या वाळवंटातील कुंतिल्लेत अजरूद येथे १९७५-७६ मध्ये सापडलेल्या एका लेखात शोमरोनच्या परमेश्वराचे आणि त्याच्या अशेराचे नाव आशीर्वादासाठी जोडीने घेतलेले आहे. म्हणजे लोकांनी एक देव सोडून दुसरा धरला असे झालेच नव्हते. त्यांनी दोघांची सरमिसळ केली होती, आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटत नव्हते.

या सरमिसळीमागे पाऊस होता. १९२९ पासून सिरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा येथे ज्या मृण्मय पाट्या मिळाल्या, त्यांमुळे बआल प्रथमच त्याच्या भक्तांच्या शब्दांत आपल्याला कळला. तो ढगांवर आरूढ होणारा, मेघगर्जनेचा देव. तो मृत्यूच्या हाती सापडतो तेव्हा जमीन भेगाळते. तो परत येतो तेव्हा ती पुन्हा हिरवी होते. शेतकऱ्याच्या वर्षाचेच ते चरित्र आहे. ज्यांचे पोट मृगाच्या सरींवर अवलंबून आहे अशा लोकांना हा देव कळायला कठीण नाही. वाळवंटातून सोडवून आणणारा देव इतिहासाचा. धान्य, द्राक्षारस आणि तेल देणारा दुसरा कोणीतरी, अशी वाटणी इस्राएलच्या मनात झाली. दुसऱ्या अध्यायात होशेय याच वाटणीवर घाव घालतो: धान्य देणाराही मीच होतो, हे तिला ठाऊकच नव्हते. येथे क्रियापद ‘जाणणे’ हे आहे. मूर्तिपूजा त्याच्या लेखी आधी विसरणे आहे आणि मग पाप. देणाऱ्याचे नाव विसरून देणे तेवढे हातात धरायचे, की हळूहळू हात त्या देण्यालाच जोडले जातात.

याच अध्यायात एक शब्दक्रीडा आहे आणि ती मराठीत जशी उतरते तशी फार थोड्या भाषांत उतरत असेल. ‘बआल’ हे देवाचे नाव होण्याआधी साधे सामान्यनाम होते: मालक, धनी, आणि म्हणून नवरा. देव म्हणतो की एक दिवस येईल तेव्हा ती मला ‘बआली’ म्हणणार नाही, ‘ईशी’ म्हणेल (२:१६). ‘ईशी’ म्हणजे माझा माणूस. भाषांतरकार येथे तळटीप देऊन मोकळे होतात. परंतु आपल्या खेड्यांतील जुन्या बायका नवऱ्याचा उल्लेख ‘आमचे मालक’, ‘धनी’ असा करीत आल्या आहेत, आणि त्यातलीच एखादी मनातले बोलताना ‘माझा माणूस’ म्हणते, हे ज्याने ऐकले आहे त्याला तळटीपेची गरज नाही. इस्राएलच्या देवाला धनीपण नकोसे झाले आहे, असे हे वचन सुचवते. बआलाचे नाव पुसायचे तर त्या नावामागचे नातेही पुसले पाहिजे, हा विचार इ.स.पू. आठव्या शतकातला आहे, यावर विश्वास बसत नाही.

हेच वचन ज्या अध्यायात आहे तो अध्याय मात्र निर्धोक नाही. तेथे रुसलेला नवरा बायकोला उघडी पाडण्याची, तिची वाट काटेरी कुंपणाने अडवण्याची, तिच्या याराच्या डोळ्यांदेखत तिची लाज काढण्याची धमकी देतो. गोमर या ग्रंथात स्वतः एक अक्षरही बोलत नाही. तिच्या तोंडी जी वाक्ये आहेत ती दुसऱ्याने घातलेली. रेनिटा वीम्स या विदुषीने १९९५ च्या ‘बॅटर्ड लव्ह’ या पुस्तकात असा प्रश्न विचारला की, मार खाणाऱ्या स्त्रीला हा अध्याय देवाचा शब्द म्हणून कसा ऐकवायचा? या प्रश्नावर ‘हे रूपक आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. रूपकाला बळ मिळते ते ऐकणाऱ्यांच्या घरांत जे घडते त्यातून. नवऱ्याचा हात उगारलेला असणे स्वाभाविक मानले जात होते, म्हणून तर हे रूपक त्या श्रोत्यांना कळले. आपण तो भाग वाचताना आवाज खाली आणतो किंवा तो गाळतो. मला वाटते, तो वाचावा आणि त्यातला दोष दोष म्हणूनच सांगावा. सांगताना चौथ्या अध्यायातील चौदाव्या वचनाची आठवणही द्यावी. तेथे देव म्हणतो की मुलींच्या जारकर्माबद्दल मी त्यांना शिक्षा करणार नाही, कारण पुरुष स्वतःच वेश्यांबरोबर जातात. ज्याने गोमरला गप्प बसवले त्याच संदेष्ट्याने हेही लिहिले. त्याचे रूपक त्याच्या न्यायबुद्धीपेक्षा थिटे पडले.

न्यायाविषयी बोलताना आपण सहसा सिंहासन आणि तराजू डोळ्यांपुढे आणतो. होशेयही चौथ्या अध्यायात फिर्यादीच्या भाषेत बोलतो; देशात सत्य नाही, दया नाही, देवाचे ज्ञान नाही, अशी फिर्याद. लगेच पुढे भूमी शोक करते; रानपशू, पक्षी आणि समुद्रातले मासेही नाहीसे होतात. पण न्यायाच्या त्याच्या खऱ्या प्रतिमा न्यायालयातल्या नाहीतच. एका ठिकाणी (५:१२) देव स्वतःला कसर म्हणवतो, वस्त्राला लागते ती. पेटी उघडेपर्यंत कळत नाही, आणि उघडली की लुगडे हातात विरते. दुसऱ्या ठिकाणी तो सिंह आहे, वाटेवर दबा धरून बसलेला चित्ता आहे, पिले हिरावलेली अस्वलीण आहे (१३:७-८). कसर आणि अस्वलीण. एक आवाज न करता पोखरते, दुसरी मायेपोटीच फाडून खाते. न्याय बाहेरून येऊन कोसळतो, तसाच तो माणसाच्या करणीच्या आतूनही पिकत येतो, हे एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

याजकांवरील त्याचे कोरडे आपल्यासारख्या नियतकालिकात उद्धृत करण्याचा मोह टाळणे अवघड आहे. हिब्रूत पाप आणि पापार्पण यांना शब्द एकच. अर्पणाच्या मांसात याजकाचा वाटा असे. याजक लोकांचे पाप खातात आणि त्यांच्या अधर्माची वाट पाहत बसतात (४:८), हा श्लेष त्यावरचा. लोक जितके चुकतील तितकी वेदी भरेल आणि वेदी भरली की पानही भरेल. वर तेच याजक लोकांना ज्ञान देत नाहीत, म्हणून लोक नष्ट होतात.

जाता जाता आणखी एक गोष्ट नोंदवतो. होशेयच्या पहिल्या मुलाचे नाव इज्रेल ठेवण्यात आले ते येहूने इज्रेल येथे सांडलेल्या रक्ताची आठवण म्हणून (१:४). येहू हा बआलाचा उच्छेद करणारा राजा. अलीशाच्या शिष्याने त्याला अभिषेक केला होता. त्याने अहाबाचे घराणे कापून काढले आणि पुढे शोमरोनमध्ये बआलाच्या उपासकांना एकत्र जमवून ठार केले. राजांच्या पुस्तकाने त्याची वाखाणणी केली आहे. शंभर वर्षांनंतर होशेय त्याच घराण्याकडे इज्रेलच्या रक्ताचा जाब मागतो. मूर्तिपूजेवर सर्वांत जळजळीत बोलणारा संदेष्टा मूर्ती तलवारीने फोडणाऱ्याच्या बाजूला उभा राहात नाही.

आता भाकरीकडे येऊ. सातव्या अध्यायाच्या आठव्या वचनात एफ्राईमला न उलथलेल्या भाकरीची उपमा दिली आहे. तापलेल्या दगडावर किंवा निखाऱ्यांवर भाजायची ती भाकर. एक बाजू करपलेली, दुसरी कच्ची. कोणालाच खाता न येणारी. भाकरी का करपली असे विचारणारे आपले जुने कोडे ज्याने ऐकले आहे त्याला उत्तर पाठच असते. अर्धे राज्य परक्यांशी करार करून जळून गेलेले, अर्धे स्वतःच्या देवाविषयी कोरे, असा अर्थ टीकाकार लावतात. तो बरोबर आहे. पण मला येथे क्रियापद महत्त्वाचे वाटते. हिब्रू ‘हाफख’ म्हणजे उलथणे. हेच क्रियापद उत्पत्तीच्या पुस्तकात सदोम आणि गमोरा यांच्या विनाशासाठी येते: देवाने ती नगरे उलथून टाकली. मराठीत ‘उलथणे’ तव्यावरच्या भाकरीला चालते आणि राज्यालाही चालते. ज्याला वेळेवर उलथता आले नाही ते राज्य शेवटी उलथले जाते.

दुसरे क्रियापद ‘शूब’. परतणे, वळणे, मागे फिरणे. या एका धातूवर होशेयचे अर्धे पुस्तक उभे आहे. लोक देवापासून दूर जातात त्यालाही याच धातूचे नाम. ते देवाकडे येतात त्यालाही हाच धातू. आणि ते मिसरला परत जातील, कारण त्यांनी परतायला नकार दिला (११:५), या शिक्षेच्या वाक्यात तो दोनदा येतो. आपल्या भाषांतरांत याच्या जागी अनेकदा ‘पश्चात्ताप’ हा शब्द वापरला जातो. शब्द सुंदर आहे, पण त्यात मागाहून होणारी जळजळ आहे, चालणे नाही. पश्चात्ताप बसल्या जागी होऊ शकतो. तो झाल्यावर माणसाला हलके वाटते आणि तो तेथेच बसून राहतो. ‘शूब’ला पाय आहेत. मराठीत त्याला अगदी जवळचा शब्द ‘परतणे’, आणि गंमत अशी की आपण घरी परततो तसेच तव्यावरची भाकरही परततो. हिब्रूतील दोन धातू मराठीने एका क्रियापदात आणून ठेवले आहेत. प्रवचनात या भाग्याचा कोणी उपयोग केलेला मी ऐकला नाही.

या दृष्टीने सहावा अध्याय वाचावा. लोक म्हणतात, चला, परमेश्वराकडे परत जाऊ. त्यानेच फाडले, तोच बरे करील. दोन दिवसांनी जिवंत करील, तिसऱ्या दिवशी उठवील. त्याचे येणे पहाटेसारखे निश्चित आहे, तो पावसासारखा येईल. गीत इतके गोड आहे की ख्रिस्तसभेला त्यात पुनरुत्थानाची चाहूल ऐकू आली, आणि त्या ऐकण्याला मी चूक म्हणणार नाही. परंतु गीताचे शब्द तपासावेत. त्यात एकाही पापाचे नाव नाही. वासरू नाही, अश्शूर नाही, इज्रेलचे रक्त नाही. जखम आहे, ती का झाली हे नाही. आणि ज्या देवाकडे ते निघाले आहेत तो पहाट आणि पाऊस यांच्या नियमाने येणारा आहे. म्हणजे परमेश्वराचे नाव घेऊन ते पुन्हा बआलाचेच वर्णन करीत आहेत: मरणारा आणि परत येणारा, ऋतू आला की बरसणारा. त्यांनी देव बदलला नाही. नुसती वाट बदलली.

देवाचे उत्तर या गीताच्याच भाषेत येते, आणि म्हणून ते जिव्हारी लागते. तुम्ही पहाट म्हणता? तुमचे प्रेम पहाटेच्या धुक्यासारखे आहे. पाऊस म्हणता? तुमची निष्ठा सकाळी लवकर उडून जाणाऱ्या दहिवरासारखी आहे. पाठोपाठ ते प्रसिद्ध वचन येते ज्यात यज्ञापेक्षा दयेला आणि होमबलींपेक्षा देवाच्या ज्ञानाला पसंती दिलेली आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूने त्याचा दोनदा आधार घेतला आहे. एकदा जकातदारांच्या पंगतीत, एकदा शब्बाथाच्या वादात. मूळ शब्द ‘हेसेद’: दया, निष्ठा, नात्याला जागणे. दहिवराशी विरोध आहे तो याचाच. जे दुपारपर्यंत टिकते ते हेसेद. आपला उपवासकाळ, आपल्या कृशाच्या वाटेच्या मिरवणुका, पापनिवेदनासाठी पवित्र आठवड्यात लागणाऱ्या रांगा या सहाव्या अध्यायात बसतात की चौदाव्यात, हा प्रश्न मी स्वतःपुरता विचारून पाहिला आहे. उत्तर प्रत्येक वर्षी सारखे आले नाही.

होशेयला माणसाच्या परतण्यावर फारसा भरवसा नाही. पाचव्या अध्यायात तो स्पष्टच म्हणतो की त्यांची कृत्येच त्यांना परतू देत नाहीत. सवय हाडात मुरली आहे. मग परतणार कोण? याचे उत्तर अकराव्या अध्यायात आहे. येथे नवरा-बायकोचे रूपक गळून पडते आणि पालक व लेकरू येते. त्याने लेकराला चालायला शिकवले, उचलून घेतले, वाकून भरवले. लेकरू बआलांच्या मागे गेले. म्हणून नगरांवर तलवार फिरेल, अश्शूर राजा होईल. आणि मग, कोणतेही कारण न देता, वाक्य मध्येच तुटते: तुला मी कसे सोडू? अदमा आणि सबोईम यांच्यासारखे तुला कसे करू? ही दोन नगरे सदोमबरोबर नष्ट झालेली. पुढचेच क्रियापद तेच ‘हाफख’. उलथते ते मात्र नगर नव्हे. देवाचे हृदय त्याच्याच आत उलथते. जी भाकर उलथली नाही तिच्यासाठी भाजणाऱ्याचे काळीज उलथले. आपण देव आहोत, मनुष्य नव्हे, हे त्यामागचे कारण त्याने दिले आहे. कारण तर उलट्या दिशेचे अपेक्षित होते. देव माणूस नाही म्हणून त्याचे मन बदलत नाही, असे इतरत्र म्हटलेले आहे. येथे देवपणाची खूण हीच की त्याला क्रोध आवरता येतो. अब्राहम जोशुआ हेशेल यांनी १९६२ च्या ‘द प्रॉफेट्स’ या ग्रंथात देवाच्या या व्याकुळतेलाच संदेष्ट्यांच्या अनुभवाचे केंद्र मानले, ते या अध्यायासमोर बसून वाचले की पटते.

येशूच्या परमपवित्र हृदयाच्या सोहळ्याला ‘ब’ वर्षी हाच अध्याय वाचला जातो. वाचन योग्य निवडलेले आहे. पण कापून घेतलेले आहे. पहिले वचन, मग तिसरे-चौथे, मग आठव्याचा उत्तरार्ध आणि नववे. दुसरे वचन, जेथे लेकरू बआलांकडे जाते, ते गाळले. पाचवे ते सातवे, जेथे तलवार आहे, तेही गाळले. आणि आठव्याचा पूर्वार्धही नाही, म्हणजे अदमा आणि सबोईम नाहीत. सणाच्या वाचनात सगळेच घालता येत नाही, हे मला कळते. तथापि जे राहिले त्यात एक प्रेमळ पालक आहे आणि त्याचे हृदय हेलावले आहे. कशाविरुद्ध हेलावले ते नाही. न्याय वगळला की दयेला वजन राहात नाही. ती स्वभावाचा एक मऊपणा होऊन बसते. होशेयच्या देवाला दया सोपी गेलेली नाही.

आणि शेवटी शोमरोन पडलेच. अश्शूरचा दुसरा सर्गोन आपल्या लेखांत सुमारे २७ हजार माणसे नेल्याचा हिशोब देतो. त्यांतील एका लेखात, ज्या देवांवर त्यांचा भरवसा होता ते देवही लुटीत नेल्याची नोंद आहे. वासरू अश्शूरला भेट म्हणून नेले जाईल, हे होशेयने दहाव्या अध्यायात सांगितले होते. मग अकराव्या अध्यायातील हृदयाच्या उलथण्याचे काय झाले? काहींच्या मते तो भाग मागाहूनचा. काही म्हणतात, शिक्षा झाली पण समूळ नाश झाला नाही. मला या दोन्ही उत्तरांत घाई दिसते. ग्रंथाने स्वतः ही गाठ सोडवलेली नाही. उत्तरेकडून पळालेल्या लोकांबरोबर तो यहूदात पोचला असावा. त्यातील यहूदाचे उल्लेख तेथल्या संपादकांचा हात दाखवतात, आणि यिर्मयाच्या पहिल्या अध्यायांवर त्याची छाप स्पष्ट आहे. ज्यांनी तो जपला त्यांना ठाऊक होते की जे राज्य उलथू नये म्हणून देव कळवळला ते उलथले आहे. तरीही त्यांनी तो कळवळा खोडला नाही. पुढे इ.स.पू. ५८७-५८६ मध्ये यरुशलेमचीही तीच गत झाली, तेव्हा तो त्यांच्या पदरात होता.

अशा भग्न पार्श्वभूमीवर चौदावा अध्याय येतो. बरोबर शब्द घेऊन या, एवढेच संदेष्टा सांगतो. जनावर घेऊन या असे नाही. शब्दही तोच पुरवतो, आणि सहाव्या अध्यायात जे नव्हते ते सारे त्यात आहे. अश्शूर आम्हांला तारणार नाही. आम्ही घोड्यांवर बसणार नाही. आमच्या हातांनी केलेल्या वस्तूला आम्ही आमचा देव म्हणणार नाही. राजकारण, सैन्य आणि मूर्ती यांची नावे घेऊन सोडचिठ्ठी, आणि अखेरीस अनाथाला तुझ्याजवळ दया मिळते, ही कबुली. दुसऱ्या वचनातील शब्दांविषयी भाषांतरांत मतभेद आहेत: हिब्रूत ओठांचे ‘गोऱ्हे’ अर्पण करू असे दिसते, सत्तरीच्या ग्रीक भाषांतरात ओठांचे ‘फळ’. फळ सुबोध आहे. परंतु ज्या लोकांनी वासराचे मुके घेतले त्याच ओठांनी आता गोऱ्ह्याऐवजी शब्द वाहावेत, हा हिब्रू पाठातला विचित्रपणा मला अधिक होशेयचा वाटतो. यहुदी लोक नववर्ष आणि प्रायश्चित्तदिन यांच्या दरम्यानच्या शब्बाथाला हाच अध्याय वाचतात. त्या शब्बाथाचे नावच ‘शूब’ या धातूवरून पडले आहे.

देवाच्या उत्तराचा आरंभ बरे करण्याने होतो. तो त्यांचे दूर जाणे बरे करील. येथे दूर जाणे हा रोग आहे, अपराधापेक्षाही. आणि मग ते दहिवर परत येते. सहाव्या अध्यायात जे लोकांच्या चंचलपणाचे चिन्ह होते, तेराव्यात जे त्यांच्या नाहीसे होण्याचे चिन्ह झाले, तेच आता देव स्वतःकडे घेतो: मी इस्राएलला दहिवरासारखा होईन. पाऊस नव्हे, बआलाची ती गर्जना नव्हे. कोरड्या महिन्यांत रात्री आवाज न करता पडणारे, ज्यावर पॅलेस्टाईनच्या उन्हाळी वेली जगतात ते दहिवर. त्यानंतर तो स्वतःला सदाहरित वृक्ष म्हणवतो. जुन्या करारात देवाने स्वतःला झाडाची उपमा दिल्याचे हे एकच उदाहरण, आणि तेही हिरव्या झाडाखालच्या पूजांवर ज्याने आग पाखडली त्या संदेष्ट्याच्या ग्रंथात!

ग्रंथ येथे संपला असता तर वाचकाला बरे वाटले असते. तो संपत नाही. कोणा नंतरच्या हाताने जोडलेले एक वचन उरते: परमेश्वराचे मार्ग सरळ आहेत, नीतिमान त्यांवरून चालतात आणि अपराधी त्यांच्यावरच अडखळून पडतात. अध्यायाचा प्रारंभ इस्राएल अडखळून पडल्याच्या उल्लेखाने झाला होता. ग्रंथाच्या अगदी टोकाशी तेच क्रियापद पुन्हा उभे आहे. शुक्रवारच्या वाचनात हे वचन गाळलेले नाही. वाचक तेथे थांबतो, क्षणभर शांतता असते, आणि मग तो ‘हा प्रभूचा शब्द’ असे म्हणतो.